दिवसा न सांगितलेली गोष्ट

माझ्या घरी गोष्ट मागायला वेळकाळ पाहावा लागत नाही. सकाळी न्हाणीच्या धुरात, भर दुपारी शेंगा फोडताना, नातवंडांनी मागितली की मी सांगते. माझ्या सुनेला हे पटत नाही. दिवसा गोष्ट सांगितली की मुलांचा मामा वाट चुकतो, असं तिच्या आईने तिला लहानपणी सांगितलेलं आहे, आणि मुलांचा मामा म्हणजे तिचा सख्खा भाऊ. तो एसटीत कंडक्टर आहे. मी तिला म्हणते, अगं, तो कसा वाट चुकेल, गाडी ड्रायव्हर चालवतो. ती हसत नाही. पोरांना हाताला धरून आत नेते आणि तांब्या जरा जोरात आपटते.

तिचा राग मला कळतो. तिच्या वयाची असते तर मीही आपटला असता. पण मी का ऐकत नाही, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. तोंडाने सांगायला गेले की रडू येतं आणि माझ्यासारख्या भांडकुदळ बाईला ते शोभत नाही. म्हणून लिहून ठेवते. अक्षर वेडंवाकडं आहे, कारण मी मुलांच्या पाटीवर त्यांच्याबरोबर लिहायला शिकले. तिने सावकाश वाचावं.

माझं माहेर वारूळवाडीचं. गावाच्या कडेला आमचं घर होतं, पुढे ओटा, ओट्यासमोर बाभळीचं कुंपण आणि कुंपणापलीकडून जाणारी गाडीवाट. ती वाट नारायणगावावरून पुण्या-नाशकाच्या सडकेला मिळायची. घरात आई, वडील, मी आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान असलेली बहीण. तिला मी नुसतं धाकटी म्हणते, तेव्हाही घरात तेच म्हणायचे.

मामा लोणीचा. आईचा एकुलता एक भाऊ. त्याला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सगळे लाड आमच्या वाट्याला येत. मामी बडबडी होती. बाजरी खुरपताना एका ओळीत ती गोष्ट सुरू करायची आणि ओळ संपता संपता संपवायची. आम्ही दोघी तिच्या मागून गवत गोळा करत ऐकत जायचो. मामा बांधावरून ओरडायचा, "अगं, दिवसा गोष्ट सांगती व्हय? वाट चुकंन ना मी."

"चुका की," मामी वर न बघता म्हणायची. "जेवायच्या वक्ताला तर बराबर सापडती वाट."

मग इंग्रजांची जर्मनाशी लढाई सुरू झाली. मंचरच्या बाजारात भरतीवाले आले. मामाच्या दोन मित्रांनी नाव दिलं, म्हणून यानेही दिलं. एवढंच कारण. घरी येऊन सांगितलं तेव्हा मामी भाकरी थापत होती, ती थापतच राहिली, असं आई सांगायची.

जाण्याआधी तो आम्हाला भेटायला वारूळवाडीला आला. बरोबर मामी होती. मी सात वर्षांची होते, धाकटी तीनची. दुसऱ्या दिवशी तो इथूनच निघणार होता, नारायणगावच्या पेठेपर्यंत पायी आणि पुढे मिळेल त्या गाडीने पुण्याला. निघताना त्याने धाकटीला खांद्यावरून उतरवलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"हे बघ, तू थोरली हायेस. मी येईस्तवर दिवसा गोष्ट सांगायची न्हाई अन कुणाला सांगू बी द्यायची न्हाई. तुझ्यावर सोपवून चाललोय."

आणि त्याने मामीकडे बघून डोळा मिचकावला. तो थट्टा करत होता. आज मला ते लख्ख दिसतं. पण सात वर्षांच्या पोरीला थट्टा कशी कळणार? कोणी तरी माझ्यावर काहीतरी सोपवलं होतं, आणि ते फार मोठं होतं, एवढंच मला कळलं. मी मान हलवली. मामी एरवी उलट उत्तर देणारी, ती त्या दिवशी काही बोलली नाही. तो कुंपणाच्या वळणावर दिसेनासा झाला तरी ती ओट्यावर उभी होती.

त्या दिवसापासून मामी बदलली. ती आमच्याकडे आली किंवा आम्ही लोणीला गेलो, की ते दिसायचं. तीन वर्षांत तिने उन्हात एक गोष्ट सांगितली नाही. सांगणं सोडा, आमच्यापैकी कोणी दिवसा "एक होता" एवढं म्हटलं तरी ती पुढे येऊन तोंडावर हात ठेवायची. दिवेलागण झाली, देवापाशी दिवा लावून तिने हात जोडले, की मग गोष्टीचं तोंड उघडायचं. आणि कुठेही बसायची ती वाटेकडे तोंड करून. धान्य निवडायला बसली तरी सूप फिरवून घ्यायची आणि वाट समोर येईल अशी बसायची. मी तिची शिपाईण झाले होते. धाकटी दिवसा गोष्टीचा विषय काढायला लागली की मी तिला चिमटा काढायचे आणि मग मामीकडे बघायचे, तिने पाहिलं का म्हणून.

मामाची पत्रं यायची. कोणी लिहून दिलेली, मोडीत. समुद्रापल्याड बसऱ्याला खजूर फार आहेत, उन्हाळा आपल्यापेक्षा वाईट आहे, पोरींना सांगा मामाने उंट पाहिला. मग ती येईनाशी झाली. मामी म्हणायची, लिहून देणारा माणूस दुसरीकडे गेला असेल.

मानमोडीच्या साली मामी आमच्याकडे राहायला आली. त्या साली पाऊस धड नव्हता, आणि भादव्यानंतर तो ताप आला. आमच्याकडे त्याला मानमोडी म्हणत. एका घरात शिरला की सगळ्यांना आडवं करून जायचा. आमच्या घरात आधी वडील पडले, मग आई. लोणीला निरोप गेला आणि दुसऱ्याच दिवशी मामी हजर झाली. येताना तिने लोणीच्या माणसांना सांगून ठेवलं होतं की आपलं काही पत्र आलं तर नारायणगावच्या शेटजींच्या दुकानावर पाठवा. हे शेटजी मारवाडी जैन, त्यांच्या आजोबांपासून इथेच. आमच्या वडिलांचं किराणासामान त्यांच्याकडून यायचं आणि गावात पत्र वाचून दाखवायचं कामही त्यांच्याकडेच होतं.

मामीने घर हातात घेतलं. काढे, पेज, आजाऱ्यांचं धुणं, गुरांचं पाणी. वडील जरा उठून बसायला लागले आणि धाकटीला ताप चढला. मला मात्र काही झालं नाही. देवाने मला का सोडलं, हे मी पुढे बरीच वर्षं त्याला विचारत होते.

तापाच्या दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला धाकटीने गोष्ट मागितली. मामी दमलेली होती. पण तिने दिवा लावला, आमच्या दोघींच्या मधे बसली आणि नवीन गोष्ट काढली.

कोणी एक पोर होती. तिच्या गाईची पाडी हरवली म्हणून ती डोंगरात शोधायला गेली. हा डोंगर झाला, तो डोंगर झाला, पाडी काही सापडेना. सांज झाली. परतायला वळली तर एका बाभळीने तिचा परकर धरला. पोर ओढते, बाभूळ सोडत नाही. पोर चिडली. म्हणाली, मेले, का बोचतेस? तेव्हा बाभूळ बोलली. म्हणाली, पोरी, आंब्याखाली माणसं बसतात, वडाला सूत गुंडाळतात, माझ्याजवळ कोणी येत नाही. मला हात नाहीत गं. काट्यानेच धरावं लागलं. रागावू नको, घटकाभर बस.

इथे धाकटीने डोळे उघडून विचारलं, "बसली?"

"बसली," मामी म्हणाली. "बसली अन घरच्या गोष्टी सांगत सांगत झोपून गेली. मग आला बिबट्या. बाभळीनं समद्या फांद्या खाली वाकवल्या अन पोरीभवती कुंपण केलं. बिबट्याच्या नाकात काटे शिरले, गेला पळून. सकाळ झाली. पोर उठून बघती तर चहूकडं डोंगर. घराची वाट कंची, तेच ठावं न्हाई."

मामीने खाली पाहिलं. धाकटी झोपली होती. तिने तिचं अंग चाचपलं, पांघरूण ओढलं आणि उठायला लागली. मी तिचा पदर धरला. मला शेवट हवा होता. तिने माझ्या कानाशी येऊन हळू आवाजात तो सांगितला. म्हणजे त्या रात्री शेवट माझ्यापाशी होता आणि धाकटीपाशी नव्हता.

इथे एक सांगायला हवं. प्रत्येक गोष्ट संपली की धाकटीचा एक प्रश्न ठरलेला असायचा. राजकन्या असो, कोल्हा असो, वाघाच्या तावडीतून सुटलेली म्हातारी असो, ही विचारणार, "मग जेवली का ती?" आणि मामीने "जेवली, दूधभाकर जेवली" असं म्हटल्याशिवाय गोष्ट संपली असं ती मानायचीच नाही. मी तिला खादाड म्हणून चिडवायचे. ती खादाड नव्हती. गोष्टीत इतकं चालून, रडून, भिऊन आलेल्या माणसाला कोणी जेवायला वाढलं की नाही, याची तिला काळजी असायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामी आजाऱ्यांच्या वाकळा घेऊन मीना नदीवर गेली. वडील ओट्यावर पडून होते, आई आतल्या खोलीत तापात बडबडत होती. मी माजघरात धाकटीच्या उशाशी होते. ओल्या फडक्याची पट्टी तिच्या कपाळावर ठेवायची, गरम झाली की उलटायची, एवढंच काम मला दिलं होतं.

तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "पुढं काय झालं?"

"कशाचं?"

"बाभळीचं. त्या पोरीचं."

"दिवेलागणीला सांगंल मामी."

"तूच सांग. तुला ठावं हाय. मामी तुझ्या कानात बोलली, मी ऐकलं."

म्हणजे ती तेव्हा पुरती झोपली नव्हती. माझा चोरटेपणा पकडला गेल्यासारखं झालं आणि मला राग आला. मी म्हटलं, "दिवसा न्हाई सांगायची. मामा वाट चुकंल."

"हळू सांग. त्याला कुठं ऐकू जातंय."

मी पट्टी उलटली. तिने थोडा वेळ छताकडे पाहिलं. मग तिला एक युक्ती सुचली. तापाने डोळे लाल झालेले, ओठ फाटलेले, पण युक्ती सुचल्यावर तिचा चेहरा नेहमीसारखा झाला.

"दार लाव," ती म्हणाली. "अन दिवा लाव. मग झाली की रात."

मी दाराकडे पाहिलं. दार लावलं असतं तर माजघरात खरंच अंधार झाला असता. पण त्या दिवसांत घासलेट मिळत नव्हतं. मामी दिव्यात घासलेट मोजून घालायची आणि वातीला स्वतःशिवाय कोणाला हात लावू द्यायची नाही. शिवाय अशी लबाडी मामाच्या वाटेला कळणार नाही थोडीच, असं माझ्या मनात आलं. मी तिला म्हटलं, "गप पड. उगा वटवट करू नको."

ती कुशीवर वळली. मग थोड्या वेळाने, जणू आमचा सौदा चालला आहे आणि ती आपल्याकडून थोडं सोडून देते आहे अशा आवाजात म्हणाली, "बरं, समदी नको सांगू. घरी पोचली का, एवढंच सांग. जेवली का ते दिवा लागल्यावर सांग."

एका शब्दाचं काम होतं. "पोचली" म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. तिने पुन्हा विचारलं तेव्हा मी दोन्ही कानांत बोटं घातली आणि तिच्याकडे पाठ करून दारातून दिसणाऱ्या वाटेकडे बघत बसले. मामा तिथून येणार होता. मी त्याची वाट राखत होते. असं मी किती वेळ बसले ते मला सांगता येत नाही. बोटं दुखायला लागली तेव्हा काढली. मागे वळले तर तिने डोळे मिटले होते, पट्टी सुकून गेली होती.

मला वाटलं झोपली. मी पट्टी ओली करून ठेवली.

मामी नदीवरून आली. ओल्या वाकळा दारातच टाकून ती आधी धाकटीकडे गेली आणि तिच्या कपाळाला हात लावला. मग छातीला लावला. मग मला म्हणाली, "जा, वडलांना बोलाव." वडील भिंतीला धरत धरत आत आले. तिचा श्वास अजून होता, पण लांब लांब. उन्हं कुंपणावर असतानाच तो थांबला.

त्या दिवशी दिवा लवकर लागला. मामीने तो धाकटीच्या उशाशी ठेवला. जो दिवा ती मागत होती तोच.

एवढ्या लहान मुलांना आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. ओढ्याच्या काठी आमच्या शेताच्या टोकाला एक जुनी बाभूळ होती, तिच्याखाली नेलं. मला नेलं नाही. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वरून दगड रचले आणि बाभळीच्या काटेरी फांद्या अंथरल्या, असं वडील आईला सांगत होते, ते मी ऐकलं.

मामीने मला विचारलं होतं, "मी नव्हते तवा ती काय मागत व्हती का?"

"पाणी," मी म्हणाले.

"दिलंस?"

"दिलं."

ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला वाटलं, हा हात हिने आत्ता काढून घ्यावा.

पुढचे दोन-तीन महिने मी कोणाशी धड बोलले नाही. आई उठली, हिंडू फिरू लागली, पण धाकटीचं नाव निघालं की भिंतीला टेकून खाली बसायची. मामी लोणीला परत गेली नाही. दिवेलागणीला ती मला जवळ घ्यायची, गोष्ट सांगू का म्हणायची. मी नको म्हणायचे. तिला वाटायचं, बहिणीची आठवण येते. मला दुसरंच काही येत होतं. मी एक धरून बसले होते की मामा आला म्हणजे झालं. तो वाटेवर दिसला की मग मला कळेल, मी त्या दिवशी कशासाठी गप्प बसले ते. धाकटीलाही कळेल. मनातल्या मनात मी तिला सांगायचेही, बघ, तो आला की नाही, तुला उगीच नाही रागावले. लढाई संपल्याची बातमी आली होती. नारायणगावचा एक जण परत आला होता, मंचरचे दोघे आले होते. मामीने ओटा सारवला आणि मामासाठी घोंगडी उन्हात टाकली. शिपाई गडी तिकडून निघाला म्हणजे पोचायला दिवस लागतातच, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

मग एका बाजाराच्या दिवशी शेटजी आमच्याकडे चालत आले.

मामी ओट्यावर बाजरी पाखडत होती, वाटेकडे तोंड करून. तिने त्यांना लांबूनच पाहिलं. बाजाराच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते, त्या दिवशी हा माणूस दुकान बंद करून नदी ओलांडून येतो, यातच सगळं आलं. तिचे हात सुपावर थांबले.

"शेटजी, तुमी चालत?" ती म्हणाली.

शेटजींनी वहाणा काढल्या. "बाई, जरा खाली बसा," ते म्हणाले. ती बसलेलीच होती. त्यांच्या ते लक्षात आलं नाही. "दुकानात चार माणसांत वाचून दाखवायचं माझ्याच्यानं व्हईना. म्हणून आलो."

त्यांनी पत्र एकदाच वाचलं. बसऱ्याच्या दवाखान्यात, तापाने. आई मोठ्याने रडायला लागली. मामीने फक्त विचारलं, "कवा?"

"चैत्रात."

"चैत्रात," मामी म्हणाली.

वडील शेतावर होते. ते येईपर्यंत शेटजी ओट्याच्या कोपऱ्यात पाणीही न घेता बसून राहिले. तिकडे बाजार उठला तरी ते उठले नाहीत.

मी चुलीपाशी जाऊन बोटांवर महिने मोजले. चैत्र, वैशाख, जेठ, आखाड, श्रावण, भादवा, अश्विन. धाकटी अश्विनात गेली. तिने "पोचली का" विचारलं, मी कानात बोटं घालून वाट राखत बसले, तेव्हा त्या वाटेने यायला कोणी उरलंच नव्हतं. मी पुन्हा मोजले. मोजून काय बदलणार होतं? तरी मी दिवसभर मोजत होते.

मामीच्या बांगड्या गेल्या, कुंकू गेलं. लोणीची माणसं आली, दिवस घातले, रडली आणि गेली. मामी रडली नाही. भिंतीला टेकून बसून असायची. बायका म्हणायच्या, हिला रडवा, नाहीतर वेड लागेल. एका सकाळी आई गोठ्यात होती आणि मी मामीजवळ लसूण सोलत होते. ती एकाएकी म्हणाली, "तीन वरसं मी दिवसा गोष्टीला तोंड उघडलं न्हाई. मग वाट चुकली कशी?"

मी लसूण सोलत राहिले.

तिने माझ्याकडे पाहिलं. "तू तर न्हाई ना सांगितली? धाकटीला? कवा येकांदी?"

तिच्या आवाजात राग नव्हता. बुडणाऱ्या माणसाने हाताला लागेल ते धरावं तसं ती धरत होती. आणि मला जे सांगता येत नव्हतं, ते तिने विचारलं म्हणून बाहेर पडलं.

"न्हाई सांगितली," मी म्हणाले. "ती मागत व्हती. लई मागत व्हती. म्या न्हाई सांगितली."

"कवा?"

"तू नदीवर गेलती तवा. पाणी न्हाई मागितलं तिनं. म्या खोटं सांगितलं. तिनं गोष्ट मागितली."

मग मी सगळं सांगितलं. दार लाव म्हणाली ते, दिवा लाव म्हणाली ते. घरी पोचली का एवढंच सांग, जेवली का ते नंतर सांग, हेसुद्धा. कानात बोटं घातली तेही. माझं संपल्यावर मामीने माझे दोन्ही हात हातात घेतले, लसणाचा वास येत होता ते, आणि माझ्या बोटांकडे बघत राहिली.

"तवा तर ते नव्हतेच गं," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्यांनी थट्टा केली व्हती. म्या ती मनावर घेतली अन तुज्या गळ्यात बांदली. तुजा काय दोस त्यात?"

आणि ती उठली. डोक्यावर पदर घेतला, माझा हात धरला आणि दारातून बाहेर पडली. दिवस डोक्यावर आला होता. आईने गोठ्यातून पाहिलं आणि धावत आली. नवरा गेलेल्या बाईने महिना-दीड महिना उंबरा ओलांडायचा नाही, ही तेव्हाची रीत.

"अगं, कुठं निघालीस? लोकं काय म्हणतील?"

"भाचीकडं जाऊन येते," मामी म्हणाली.

आई ओट्यापाशीच थांबली. गाडीवाटेवर दोन माणसं भेटली, ती बाजूला झाली. मामीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. शेताच्या टोकाला त्या बाभळीखाली मी पहिल्यांदाच जात होते. दगड होते. वरच्या काटेरी फांद्या वाळून करड्या झाल्या होत्या, एकमेकांत अडकून घट्ट बसल्या होत्या. बाभळीची फुलं सरत आली होती, थोडी दगडांवर पडली होती.

मामी खाली बसली. मला जवळ बसवलं. माझ्या लक्षात आलं की ती वाटेकडे पाठ करून बसली आहे. तीन वर्षांत मी तिला असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

मग भर उन्हात, खणखणीत आवाजात तिने गोष्ट सुरू केली. कोणी एक पोर होती, तिची पाडी हरवली. पलीकडच्या शेतात मोट चालली होती, तिथला माणूस थांबून बघायला लागला. मामी सांगत राहिली. डोंगर सांगितले, परकर धरलेला सांगितला, मला हात नाहीत गं हे सांगितलं. बिबट्या आला नि गेला. सकाळ झाली. चहूकडे डोंगर, घराची वाट कुठली तेच ठाऊक नाही. इथे ती थांबली.

"पुढचं तू सांग," ती म्हणाली. "तिनं तुला इचारलं व्हतं."

मी त्या फांद्यांकडे बघत सांगायला लागले. पोर रडायला लागली, तेव्हा बाभूळ म्हणाली, मला पाय नाहीत, मी तुझ्याबरोबर येऊ शकत नाही. पण थांब. तिने अंग झाडलं, असेल नसेल ते फूल खाली टाकलं, आणि वाऱ्याला म्हणाली, एवढं हिच्या दारापर्यंत नेऊन पसर. वाऱ्याने नेलं. डोंगरातून पिवळी वाट पडली. पोर त्या फुलांवरून चालत गेली. दारात तिची पाडी उभी होती. त्या साली बाभळीला एकसुद्धा शेंग धरली नाही. पण बाभळीला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण ती पोर दर सणाला भाकरी घेऊन तिच्यापाशी येऊन बसायची.

"पोचली गं," मी म्हणाले. "घरी पोचली."

गोष्ट झाली. आम्ही दोघी थांबलो होतो. प्रत्येक गोष्टीनंतर एक प्रश्न यायचा, आणि तो यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ आम्ही तिला दिला.

मग मीच म्हणाले, "अन जेवली. दूधभाकर जेवली."

तेव्हा मामी रडली.